वाडीच्या सौर मायक्रोग्रिडचं शॉर्टपासून संरक्षण: इन्व्हर्टर करंट देत नाही, तेव्हा काय करायचं

महावितरणच्या लाइनवर शॉर्ट झाला की करंट उसळतो आणि एमसीबी तत्क्षणी पडतो. बॅटरी आणि इन्व्हर्टरवर चालणाऱ्या छोट्या ग्रिडवर तसं होत नाही. इन्व्हर्टरमधले ट्रान्झिस्टर जास्त करंटने काही मायक्रोसेकंदांत जळू शकतात, म्हणून इन्व्हर्टर स्वतःचा करंट स्वतःच अडवतो. बहुतेक यंत्रं आपल्या क्षमतेच्या १.१ ते २ पटींच्या पुढे जात नाहीत, आणि तेवढाही करंट फार तर सेकंदभर देतात. शॉर्ट झाला की करंट थोडासा वाढतो, व्होल्टेज मात्र कोसळतं. एमसीबी करंट बघतो, त्याला काही कळत नाही. मग इन्व्हर्टर कंटाळून बंद पडतो आणि एका घरातल्या जळक्या एक्स्टेन्शन बोर्डापायी सगळी वाडी अंधारात जाते. कुठल्या घरात बिघाड आहे हेही कळत नाही, कारण एकही एमसीबी पडलेला नसतो.

म्हणून अशा ग्रिडचं संरक्षण कॅटलॉगमधून एमसीबी निवडून होत नाही. आधी हिशेब करावा लागतो. खाली एक नमुना ग्रिड घेऊन तो पूर्ण केला आहे. आकडे तुमच्या यंत्रांप्रमाणे बदला, क्रम तोच ठेवा. प्रत्यक्ष काम परवानाधारक विद्युत कंत्राटदाराकडूनच करून घ्या.

नमुना ग्रिड

१० केव्हीएचे तीन सिंगल फेज बॅटरी इन्व्हर्टर तीन फेजमध्ये जोडलेले, म्हणजे एकूण ३० केव्हीए, ४१५ व्होल्ट. बॅटरी ४८ व्होल्टची. सौर पॅनेल ३० किलोवॅट. पॉवर हाउसमधून निघणारे तीन फिडर (घरांकडे जाणाऱ्या मुख्य लाइन), प्रत्येकावर वीस-पंचवीस घरं, सर्वांत लांबचं टोक ४०० मीटरवर. शिवाय एक पिठाची गिरणी आणि पाण्याचा पंप.

प्रत्येक फेजचा पूर्ण करंट: ३०,००० भागिले (१.७३२ × ४१५) म्हणजे सुमारे ४२ अँपिअर. इन्व्हर्टरच्या माहितीपत्रकात "१.५ पट, ०.५ सेकंद" असं दिलं आहे असं धरू. म्हणजे शॉर्टमध्ये जास्तीत जास्त ६२ अँपिअर, तेही अर्धा सेकंद. हा आकडा पॅनेलच्या दाराच्या आत लिहून चिकटवा, पुढचं सगळं त्यावरच उभं आहे.

माहितीपत्रकात "ओव्हरलोड क्षमता ३० मिनिटं, ५ सेकंद" असं लिहिलेलं असतं. त्याचा इथे उपयोग नाही. ओव्हरलोडला व्होल्टेज टिकून असतं, शॉर्टला नसतं, आणि दोन्ही वेळी यंत्राचं वागणं वेगळं असतं. निर्मात्याला लेखी विचारा: आउटपुट थेट शॉर्ट केल्यास किती अँपिअर, किती मिलिसेकंद, आणि नंतर किती वेळा आपोआप पुन्हा चालू होतं? उत्तर मिळत नसेल, तर ते यंत्र स्वतंत्र ग्रिडसाठी घेऊ नका.

पायरी १: किमान आणि कमाल, दोन्ही करंट काढा

एमसीबी पडेल का हे किमान करंट ठरवतो. पडताना फुटणार तर नाही ना, हे कमाल करंट ठरवतो. बहुतेक ठिकाणी फक्त दुसऱ्याचाच हिशेब केलेला असतो.

किमान काढताना सर्वांत वाईट परिस्थिती धरा: रात्र, सौर इन्व्हर्टर बंद, जनरेटर बंद, बॅटरी उतरलेली. एका फेजवर दोन-तीन इन्व्हर्टर समांतर असतील, तर रात्री कमी लोडला त्यातले काही वीज वाचवायला झोपतात. तेव्हा शॉर्टचा करंट त्या प्रमाणात कमी होतो. एकतर ती सोय बंद करा, नाहीतर एकाच जाग्या यंत्राचा आकडा धरा.

आता तारेचा अडथळा. ३५ चौरस मिलिमीटर अ‍ॅल्युमिनियम केबलचा रोध किलोमीटरला ०.८६८ ओहम. ४०० मीटर जाऊन न्यूट्रलने परत यायचं म्हणून ०.८ किलोमीटर: ०.६९ ओहम. पुढे घरापर्यंत २.५ चौरस मिलिमीटर तांब्याची २० मीटर सर्व्हिस वायर, किलोमीटरला ७.४१ ओहमप्रमाणे जाऊन-येऊन ०.३० ओहम. एकूण जवळपास १ ओहम. टोकाच्या घरात शॉर्ट झाला आणि इन्व्हर्टर ६२ अँपिअर देत राहिला, तर पॉवर हाउसमध्ये त्या फेजवर उरतं फक्त ६२ व्होल्ट. २३० वरून ६२! याच खुणेचा आपण पुढे उपयोग करणार आहोत.

कमाल करंटसाठी डिझेल जनरेटर आणि महावितरणची जोडणी धरा. ११ केव्हीचा १०० केव्हीए ट्रान्सफॉर्मर, ४.५ टक्के इम्पीडन्स (ट्रान्सफॉर्मरचा आतला अडथळा): पूर्ण करंट १३३ अँपिअर, शॉर्टमध्ये १३३ भागिले ०.०४५, म्हणजे सुमारे ३,००० अँपिअर. एकाच पॅनेलला आज ६२ आणि उद्या लाइन आली की ३,००० अँपिअर सोसायचे आहेत. म्हणून ब्रेकिंग कपॅसिटी (न फुटता तोडता येणारा कमाल करंट) १० केएची, म्हणजे १०,००० अँपिअरचीच घ्या, इन्व्हर्टर छोटा आहे म्हणून स्वस्तातलं काही लावू नका.

पायरी २: घरचा एमसीबी

एमसीबीचे दोन भाग असतात. चुंबकीय भाग लगेच पाडतो, तापणारी पट्टी हळूहळू. बी कर्व्हचा चुंबकीय भाग ३ ते ५ पटींत, सी कर्व्हचा ५ ते १० पटींत, डी कर्व्हचा १० ते २० पटींत काम करतो. खात्री हवी असेल तर नेहमी वरचा आकडा धरायचा.

बाजारात मागितलं की सी कर्व्हच हातात येतो. १६ अँपिअर सी कर्व्ह लगेच पडायला १६० अँपिअर लागतील, आपल्याकडे आहेत ६२. तापणाऱ्या पट्टीला काही सेकंद हवेत, इन्व्हर्टर अर्ध्या सेकंदात हात वर करतो. ६ अँपिअर बी कर्व्ह मात्र ३० अँपिअरला नक्की पडतो, म्हणजे दुपटीचा वाव. १० अँपिअर बी कर्व्हला ५० लागतात. वाव इतका कमी की बॅटरी उतरलेली असताना दगा होऊ शकतो. घरांना ६ अँपिअर बी कर्व्ह, हा इथला नियम. दिवे, पंखा, टीव्ही, मोबाइल चार्जर यांना तेवढं पुरून उरतं.

छोट्या ग्रिडला हेच गणित उलटतं. पुणे जिल्ह्यातल्या दरेवाडीत २०१२ साली सुरू झालेला सौर मायक्रोग्रिड दहा किलोवॅटच्या आतला होता. त्या आकाराचा, समजा १० केव्हीएचा ग्रिड तीन फेजमध्ये वाटला, तर दर फेजला १४.५ अँपिअर आणि शॉर्टमध्ये २२ अँपिअर मिळतात. ६ अँपिअर बी कर्व्हसुद्धा मग खात्रीने पडत नाही. तेच १० केव्हीए सिंगल फेज ठेवले तर ६५ अँपिअर मिळतात. तीन फेजची मोटर चालवायचीच नसेल, तर १० केव्हीएपर्यंत सिंगल फेजच बरं. मोटर असेल तर सिंगल फेजवर चालणारा व्हीएफडी (मोटर हळूहळू सुरू करणारा इलेक्ट्रॉनिक ड्राइव्ह) लावून ती चालवता येते.

पायरी ३: फिडरचा ब्रेकर

सर्वांत जास्त चुका इथे होतात. ३२ अँपिअर सी कर्व्ह लावला जातो, त्याला ३२० अँपिअर हवेत. साधा थर्मल-मॅग्नेटिक एमसीसीबी (एमसीबीचाच मोठा भाऊ) तर बहुधा दहा पटींवर बांधलेला असतो. असा ब्रेकर शॉर्टच्या वेळी केवळ शोभेचा. आणि एक गोष्ट लक्षात येत नाही: टोकाच्या घरात शॉर्ट असेल, तर महावितरणच्या लाइनवरही तारेच्या १ ओहममुळे करंट २३० अँपिअरच्या आतच राहतो, तार तापल्यावर आणखी कमी. ३२ अँपिअर सी कर्व्हची खात्री तेव्हाही नाही.

इथे सेटिंग बदलता येणारा इलेक्ट्रॉनिक ट्रिप युनिटचा एमसीसीबी लावा. ४० अँपिअर फ्रेमचा मिळतो. महाग आहे, पण तीनच लागतात. सेटिंग असं:

दीर्घकाळचा करंट १६ अँपिअर (एका फिडरच्या वाट्याला दर फेजला १४ अँपिअर येतात).
अल्पकाळचा पिकअप (ज्या करंटला ब्रेकर पडायची तयारी करतो) २.५ पट, म्हणजे ४० अँपिअर. दहा टक्के इकडेतिकडे धरून ३६ ते ४४.
अल्पकाळचा विलंब ०.२ सेकंद.
तात्काळ ट्रिप सर्वांत वरच्या आकड्यावर; ती महावितरणच्या लाइनसाठी आहे.

आता साखळी बघा. घरचा एमसीबी ०.०२ सेकंदाच्या आसपास, फिडर ०.२ सेकंदाला, इन्व्हर्टर ०.५ सेकंदाला. घरात शॉर्ट झाला तर फक्त घर जातं, खांबावर तार तुटून चिकटली तर फक्त तो फिडर जातो. इन्व्हर्टर ०.१ सेकंदच टिकणारा असेल तर ही साखळी जमत नाही. अशा वेळी खर्च वाढवून मोठा इन्व्हर्टर घ्यायचा की सगळी वाडी एकदम जाणं मान्य करायचं, हे आधीच ठरवा. आमचं मत, साठ-सत्तर घरं असतील तर मोठा इन्व्हर्टर घ्यावा.

जोडीला प्रत्येक फिडरच्या व्होल्टेजवर नजर ठेवणारा अंडरव्होल्टेज रिले उपयोगी पडतो, पण एकटा नाही. व्होल्टेज कोसळतं ते पॉवर हाउसच्या बसवरच (सगळे फिडर जिथून निघतात त्या पट्टीवर), म्हणजे तिन्ही फिडरवर सारखंच. बिघाड कुठे आहे हे व्होल्टेज सांगत नाही. म्हणून "व्होल्टेज ५० टक्क्यांखाली आणि याच फिडरवर करंट २५ अँपिअरच्या वर" अशी दुहेरी अट घाला. हे व्होल्टेज-नियंत्रित ओव्हरकरंट रिलेत मिळतं.

अट ५० टक्क्यांचीच का? कारण मोटर. ती सुरू होतानाही करंट वाढतो आणि व्होल्टेज पडतं, पण शॉर्टइतकं नाही. ५ एचपीच्या गिरणीचा पूर्ण करंट ७.५ अँपिअर, थेट स्टार्टरवर सुरू करताना सहापट, म्हणजे ४५ अँपिअर. फिडरच्या ब्रेकरला तो शॉर्टच वाटेल आणि इन्व्हर्टरही लंगडेल. गिरणीला आणि पंपाला व्हीएफडी किंवा सॉफ्ट स्टार्टर सक्तीचा करा. स्टार-डेल्टा स्टार्टर पुरेल असं वाटतं, पण बदलाच्या क्षणी येणारा झटका छोट्या इन्व्हर्टरला आवडत नाही.

ओढ्यावरच्या छोट्या जलविद्युत ग्रिडवर काम करणाऱ्यांसाठी एक वाक्य: कपॅसिटरवर चालणारा इंडक्शन जनरेटर शॉर्ट होताच चुंबकत्व गमावतो, करंट काही सायकलींत शून्यावर येतो. तिथे करंटवर आधारलेलं काहीच भरवशाचं नाही, व्होल्टेज रिलेच लागतो.

पायरी ४: अर्थिंग आणि आरसीसीबी

फेज जमिनीला किंवा लोखंडी कपाटाला लागली तर काय? कोकणातला जांभा आणि सह्याद्रीतला कातळ यांत घरच्या अर्थ खड्ड्याचा रोध १०० ओहम सहज येतो, मे महिन्यात त्याहूनही जास्त. २३० भागिले १०० म्हणजे २.३ अँपिअर. याने जगातला कुठलाही एमसीबी पडणार नाही, इन्व्हर्टर असो की महावितरण. माणसाचा जीव वाचवणारं एकच साधन उरतं, आरसीसीबी, म्हणजे जमिनीत होणारी करंटची गळती ओळखून पडणारा ब्रेकर.

घरोघरी ३० मिलिअँपिअरचा, ए प्रकारचा. ६ अँपिअर बी कर्व्ह आणि ३० मिलिअँपिअर एकत्र असलेला आरसीबीओ मिळाला तर डबी छोटी होते. एसी प्रकार स्वस्त पडतो, पण एलईडी आणि चार्जरमुळे गळतीत डीसीचे ठोके येतात, तेव्हा तो आंधळा होऊ शकतो. फिडरला ३०० मिलिअँपिअरचा, एस प्रकारचा, म्हणजे मुद्दाम उशिरा पडणारा. ३०० मिलिअँपिअरसाठी अर्थचा रोध १६६ ओहमच्या आत हवा: ५० व्होल्ट भागिले ०.३. मोजणी पावसाळ्यात करून समाधान मानू नका, एप्रिल-मेमध्ये करा.

आता तो प्रश्न, ज्यावर हे सगळं टिकून आहे: न्यूट्रल कुठे अर्थ केला आहे? महावितरणच्या जोडणीत तो ट्रान्सफॉर्मरपाशी अर्थ केलेला असतो. स्वतंत्र इन्व्हर्टरचा न्यूट्रल बहुधा तरंगता असतो. तो अर्थला जोडलाच नाही, तर गळतीच्या करंटला परतीची वाटच मिळत नाही आणि आरसीसीबी कधीही पडत नाही. टेस्टचं बटण दाबलं तर मात्र पडतो, कारण ते बटण फेज-न्यूट्रलमध्ये आतल्या आत रोध जोडतं. म्हणून "टेस्ट बटण चालतं" याने अर्थिंगबद्दल काहीही सिद्ध होत नाही.

न्यूट्रल आणि अर्थ एकाच जागी जोडा: मुख्य पॅनेलमध्ये, सगळ्या आरसीसीबींच्या आधी. एखाद्या घरात वायरमनने "अर्थिंग चांगलं व्हावं" म्हणून न्यूट्रल पुन्हा अर्थला जोडला, की आरसीसीबी विनाकारण पडायला लागतो. मग लोक तो काढून थेट तार जोडतात. तक्रार आली की आधी हीच दुसरी जोडणी शोधा. जनरेटरच्या टर्मिनल बॉक्समध्येही अशी पट्टी बसवलेली असते, ती काढा.

महावितरणची लाइन जोडायची असेल, तर चार पोलचा, यांत्रिक इंटरलॉक असलेला (लाइन आणि इन्व्हर्टर एकदम जोडू न देणारा) चेंजओव्हर स्विच हवा. न्यूट्रल-अर्थ जोडणी रिलेवर ठेवा: बॅटरीवर चालताना जोडलेली, लाइन आली की सुटलेली. लाइन गेली असताना तुमचा इन्व्हर्टर उलटा वीज पाठवत राहिला तर खांबावरच्या लाइनमनचा जीव जाईल; लाइनला जोडणाऱ्या इन्व्हर्टरला आयएस १६१६९ प्रमाणे अँटी-आयलंडिंग (लाइन गेली की आपोआप बंद होण्याच्या) चाचणीचं प्रमाणपत्र हवं, त्यात कमाल वेळ २ सेकंद आहे.

पायरी ५: डीसी बाजू

एसी बाजूला करंट कमी पडतो, बॅटरीकडे नेमकं उलट. ५१.२ व्होल्टच्या एका लिथियम पॅकचा अंतर्गत रोध १० मिलिओहम धरला तर शॉर्टमध्ये ५,००० अँपिअर. असे आठ समांतर असतील तर कागदावर ४०,०००. प्रत्येक पॅकला स्वतंत्र फ्यूज, पॅकच्या टर्मिनलपासून शक्य तितका जवळ. फ्यूजच्या अलीकडच्या तारेला संरक्षण नसतं. एका पॅकच्या आत शॉर्ट झाला तर बाकीच्या सातांचा ३५,००० अँपिअर त्याच्याच फ्यूजमधून जातो, तिथे २० केएचा क्लास टी फ्यूज पुरत नाही. इन्व्हर्टरच्या शाखेत तर आठही पॅकचा करंट येतो. दोन्ही ठिकाणी डीसी रेटिंगचा आणि त्या करंटहून जास्त ब्रेकिंग कपॅसिटीचा फ्यूज लावा, उदाहरणार्थ एनएच (औद्योगिक) प्रकारचा. १० केव्हीए इन्व्हर्टर ४८ व्होल्टवर सुमारे २२५ अँपिअर ओढतो: ३०० अँपिअर फ्यूज, ९५ चौरस मिलिमीटर तांब्याची केबल.

एसीचा एमसीबी डीसीत लावू नका. एसीत करंट सेकंदाला शंभर वेळा शून्यातून जातो आणि ठिणगी विझते, डीसीत ती जळतच राहते. डीसी एमसीबीतही पोलॅरिटी असलेले प्रकार असतात. प्लस-मायनस उलटे जोडले तर तोडताना तो पेट घेतो. बॅटरीकडून करंट दोन्ही दिशांनी वाहतो, तिथे पोलॅरिटी नसलेलाच घ्या.

सौर पॅनेलचा शॉर्ट करंट चालू करंटपेक्षा जेमतेम सात टक्के जास्त. ५४० वॅटच्या पॅनेलला चालताना १३ अँपिअर, शॉर्टमध्ये १३.९. त्यामुळे मुख्य केबलमध्ये प्लस-मायनस शॉर्ट झाला तर फ्यूज उडणार नाही, ही गोष्ट मान्य करूनच तारा ओढायच्या: दुहेरी इन्सुलेशनची सोलर केबल, प्लस आणि मायनस वेगळ्या पाइपमधून. फ्यूजचं काम वेगळं आहे. चार स्ट्रिंग (एकामागे एक जोडलेल्या पॅनेलच्या माळा) समांतर असतील आणि एकीत बिघाड झाला, तर बाकीच्या तीन तिच्यात ४१.७ अँपिअर उलटे ढकलतात. पॅनेलची मर्यादा २५ अँपिअरची असते. फ्यूज १.५ × १३.९ = २०.९ पेक्षा जास्त आणि २५ पेक्षा जास्त नाही: म्हणजे २५ अँपिअर जीपीव्ही (सौर पॅनेलसाठीचा फ्यूज), १,००० व्होल्ट डीसी, दोन्ही पोलवर. दोनच स्ट्रिंग असतील तर उलटा करंट १३.९ च्या पुढे जात नाही, फ्यूजची गरज नाही. भर उन्हात लोड चालू असताना फ्यूजहोल्डर उघडू नका, आधी आयसोलेटर बंद करा.

पायरी ६: चालू करण्यापूर्वीच्या चाचण्या

लूप इम्पीडन्स टेस्टरचा आकडा या ग्रिडवर फसवा असतो. टेस्टर छोटा करंट ओढून व्होल्टेज किती पडलं ते बघतो आणि त्यावरून शॉर्टचा करंट सांगतो. इन्व्हर्टर छोट्या करंटला व्होल्टेज पडूच देत नाही. पडद्यावर २०० अँपिअर दिसतात, मिळणार मात्र ६२. तारेचा रोध तपासायला टेस्टर वापरा, त्याने दाखवलेल्या शॉर्टच्या करंटवर विसंबू नका.

खात्रीचा उपाय म्हणजे मुद्दाम केलेला शॉर्ट. त्याआधी एसपीडी (उसळणारं व्होल्टेज शोषणारं साधन) सोडवून ५०० व्होल्टने इन्सुलेशन मोजा, १ मेगाओहमच्या वर हवं. आरसीसीबी त्याच्या रेटिंगवर ३०० मिलिसेकंदांत आणि पाचपटीवर ४० मिलिसेकंदांत पडतो का ते बघा (हे आकडे फक्त ३० मिलिअँपिअरच्या साध्या आरसीसीबीसाठी). मग:

१. बॅटरी ३० ते ४० टक्क्यांवर आणा, सौर इन्व्हर्टर बंद करा.
२. सर्वांत लांबच्या घराच्या ६ अँपिअर एमसीबीनंतर, घराकडच्या बाजूला, फेज-न्यूट्रल २.५ चौरस मिलिमीटर तारेने जोडा, मध्ये काँटॅक्टर, म्हणजे दुरून चालवता येणारा स्विच, ठेवा.
३. पॉवर हाउसमध्ये व्होल्टेज आणि करंटची लहर नोंदवणारा अ‍ॅनालायझर लावा. माणसं बाजूला करून काँटॅक्टर जोडा.
४. फक्त घरचा एमसीबी पडला आणि शेजारच्या घरात दिवा नुसता लुकलुकला, तर उत्तम. इन्व्हर्टर पडला तर लहरीवरून तो किती मिलिसेकंद टिकला ते वाचा आणि पायरी ३ मधले वेळ बदला.
५. हीच चाचणी घराऐवजी फिडरच्या टोकाला, मग गिरणी चालू असताना, आणि जनरेटरवर पुन्हा करा.

इन्व्हर्टरची आपोआप पुन्हा चालू होण्याची मर्यादा तीन ठेवा. अमर्याद ठेवली तर चिकटलेल्या तारेवर तो रात्रभर वीज देत-तोडत राहतो. फिडरचा एमसीसीबी निकामी असेल तर सांधे याच प्रकारे जळतात. चाचणीच्या लहरींच्या प्रती, सेटिंगचा तक्ता आणि दोन जादा फ्यूज पॉवर हाउसमध्येच ठेवा. वाडीतल्या ऑपरेटरला कुठला ब्रेकर पडला म्हणजे काय झालं याचा एक पानी तक्ता मराठीत लावून द्या, आणि ब्रेकर दुसऱ्यांदा पडला तर तिसऱ्यांदा चढवायचा नाही, आधी इन्सुलेशन मोजायचं, हे त्यात ठळक लिहा.